खारपाणपट्ट्यातील टाकी आणि एक समीकरण

पूर्णेच्या खोऱ्यात वाढलेल्या वाचकांना खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही घागर रिकामी राहते. वाण व शहानूर धरणांच्या गोड पाण्याने अनेक गावांची तहान भागते. बोअरच्या पाण्याने भरलेली टाकी अशा गोड पाण्याने शुद्ध करावयाची, तर किती पाणी खर्ची पडेल?

'लीलावती'च्या मिश्रव्यवहारात निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र वितळवल्यास कोणता कस येईल, हे काढले आहे. तेथे मिश्रण एकदाच होते. टाकीतील मिश्रण मात्र क्षणोक्षणी बदलते. म्हणून येथे अवकल समीकरण, म्हणजे बारावीतले डिफरन्शियल इक्वेशन, हाती घ्यावे लागते.

समजा, टाकी ५००० लिटरची आहे व पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आहेत. एकूण १५,००० ग्रॅम. दर मिनिटाला २० लिटर गोड पाणी आत येते आणि तितकेच मिश्रण बाहेर जाते. गोड पाण्यातही लिटरमागे ०.३ ग्रॅम क्षार असतात असे धरू. म्हणजे मिनिटाला ६ ग्रॅम क्षार आत येतात. बाहेर किती जातात? टाकीत त्या क्षणी असलेल्या क्षारांचा (क्ष) २५० वा भाग. म्हणून,

क्ष बदलण्याचा वेग = ६ − क्ष/२५०

आरंभी मिनिटाला ६० ग्रॅम बाहेर पडतात; पुढे क्षार घटतात तसा हा वेगही मंदावतो. तापलेला चहा निवतो तोही याच नियमाने. ट मिनिटांनंतरचे उत्तर असे:

क्ष = १५०० + १३,५०० × ई^(−ट/२५०)

येथे ई म्हणजे सुमारे २.७१८. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे; म्हणजे क्ष २५०० वर यावयास हवा. त्यास सुमारे ६५१ मिनिटे, जवळजवळ अकरा तास लागतात आणि गोड पाणी खर्च होते १३,००० लिटर!

आता दुसरी रीत पाहा. टाकी आधी उपसली व तळाशी २५० लिटर उरले, तर क्षार उरतात ७५० ग्रॅम. वर ४७५० लिटर गोड पाणी भरले की त्यासोबत १४२५ ग्रॅम येतात. एकूण २१७५; लिटरला ०.४३५ ग्रॅम. काम फत्ते, आणि पाणी लागले एकतृतीयांशाहून थोडे अधिक. उपसलेले पाणी फरशी व संडास धुण्यास वापरावे. आपल्या काळ्या जमिनीत सोडू नये.

समीकरणात एक गृहीतक दडलेले आहे: पाणी सर्वत्र सारखे मिसळते. प्रत्यक्षात खारे पाणी किंचित जड असते. गोड पाणी वरून संथपणे आले आणि जादा पाणी वरच्याच नळीने वाहून गेले, तर खारे पाणी तळाशी राहू शकते व अकरा तासही अपुरे पडतील. निचरा तळाच्या तोटीतून असेल, तर हिशेबापेक्षा लवकर सुटका होईल. म्हणून समीकरण मांडण्यापूर्वी टाकीची तोटी कोठे बसवली आहे, ते पाहून यावे.