इम्पाला गेली, उस्ताद राहिला

ताडोब्याच्या जंगलात चौसिंगा आणि नीलगाय पाहिलेल्या आपल्या वाचकांनी इम्पाला हा प्राणी पाहिला असण्याचे कारण नाही. तो आफ्रिकेतला, त्यांच्याच कुळातला, लांब उड्या घेणारा. पण इम्पाला हे नाव मात्र आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेले आहे, आणि ते जनावरामुळे नव्हे तर मोटारीमुळे. साठ-सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांत शेठ किंवा स्मगलर दाखवायचा असला की तो इम्पालातून उतरत असे. श्रीमंतीचे दुसरे नावच इम्पाला, अशी तिची ख्याती होती.

आज ही मोटार बनत नाही. २७ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतील डेट्रॉईटच्या कारखान्यातून शेवटची इम्पाला बाहेर पडली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गॅरेजवाल्यांना, वेल्डरांना आणि स्पेअर पार्टच्या दुकानदारांना या बातमीचे काय, असे कोणी विचारील. पण या मोटारीच्या इतिहासात आपल्या धंद्याला उपयोगी पडेल असा एक धडा आहे. तेवढ्यासाठी ही हकीकत येथे देत आहोत.

जन्म आणि भरभराट

शेव्हरोले कंपनीची स्थापना १९११ साली डेट्रॉईट येथे झाली. लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतीचा ड्रायव्हर आणि विल्यम ड्युरँट हा व्यापारी, असे हे दोन भागीदार. १९१८ मध्ये ही कंपनी जनरल मोटर्समध्ये सामील झाली. जनरल मोटर्सची स्थापना १९०८ ची. तिला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, १९५८ च्या मॉडेलात, शेव्हरोलेने आपल्या 'बेल एअर' या गाडीचा एक खास प्रकार बाजारात आणला. त्याचे नाव इम्पाला. मागच्या बाजूला दोन्हीकडे तीन-तीन गोल लाल दिवे ही तिची ओळख ठरली. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, इम्पाला स्वतंत्र मॉडेल झाली.

गाडी केवढी होती? १९५९ ची इम्पाला साडेसतरा फूट लांब आणि साडेसहा फुटांहून अधिक रुंद होती. आपली ॲम्बेसेडर चौदा फुटांच्या आसपास. यावरून अंदाज यावा. साधे इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ३.९ लिटरचे, आणि ज्याला हवे त्याला आठ सिलिंडरचे. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि मध्यमवर्ग हाती पैसा खेळवणारा. त्यामुळे गाडी भराभर खपली. १९६५ या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक इम्पाला विकल्या गेल्या.

मात्र त्याच वर्षी कंपनीने 'कॅप्रिस' नावाचा अधिक ऐटदार प्रकार काढला आणि पुढच्या वर्षी त्याला वेगळे मॉडेल केले. कालपर्यंत जी सर्वांत वरची होती ती इम्पाला आपल्याच घरात दुसऱ्या क्रमांकावर गेली. पुढे १९७३ चे तेलाचे संकट आले. पेट्रोल महागले आणि मोठ्या गाडीचा डौल खिशाला जड वाटू लागला. १९७७ मध्ये कंपनीने गाडीची लांबी कमी केली आणि वजन कित्येकशे पौंडांनी उतरवले. १९८५ नंतर इम्पाला बंद झाली. १९९४ ते १९९६ या काळात ती पुन्हा निघाली. २००० च्या मॉडेलपासून तिसऱ्यांदा आली, पण ती पुढच्या चाकांवर ओढणारी, साधी कुटुंबवत्सल गाडी होती. नाव तेच, जात निराळी. तिचाच शेवट २०२० मध्ये झाला.

कंपनी गेल्यावर आलेली गाडी

आता आपल्याकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. अमेरिकेतून पेट्यांत बंद भाग यायचे आणि येथील कामगार ते जोडून शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक तयार करायचे. अनेक कारागिरांना आधुनिक मोटारीची ओळख याच काळात झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भागही हळूहळू येथेच बनवावे लागतील. १९५३ मध्ये हा निर्णय पक्का झाला. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद केला.

म्हणजे इम्पाला जन्मली तेव्हा तिची कंपनी भारतातून निघून जाऊन चार वर्षे झाली होती. इम्पाला आपल्या देशात कधीच अधिकृतपणे बनली नाही. जी आली ती वकिलातींसाठी आली किंवा परदेशातून परतणाऱ्यांनी आणली. आयातीवर कडक निर्बंध आणि जबर जकात असल्यामुळे नवी गाडी मागवणे सामान्य धनिकाच्याही आवाक्यात नव्हते. वकिलातीच्या वापरलेल्या गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. तेथून त्या शेठ, संस्थानिक आणि चित्रपट-निर्माते यांच्याकडे जात.

थोडक्यात, गाडी आली पण तिच्यामागे शोरूम नव्हते, कंपनीचे वर्कशॉप नव्हते, पार्टचा साठाही नव्हता. बिघाड झाला तर दाद मागायची कोणाकडे? फक्त मिस्त्रीकडे.

जंगलाने निवडली जीप

आपल्या भागात इम्पालाचे राज्य कधी नव्हते. त्याचे कारण केवळ गरिबी नाही. आलापल्ली-सिरोंचाचे जुने जंगल रस्ते, सागवानाच्या डेपोकडे जाणाऱ्या वाटा, नाल्यावरचे रपटे आणि पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे तुटत आलेला भामरागडचा मार्ग, अशा मुलखात जमिनीलगत चालणारी साडेसतरा फुटी गाडी काय कामाची? येथे चालली ती दुसरी अमेरिकन गाडी, विलीज कंपनीची जीप.

जीपचा इतिहासही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची एक कंपनी काढली. तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तेथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. आद्याक्षरे मात्र तीच राहिली. याच कंपनीने विलीजची जीप मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे तिचे भाग येथेच बनवू लागली. म्हणूनच जीपचा पार्ट आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला.

कारागिराच्या नजरेने पाहिले तर आणखी एक फरक दिसतो. जीपच्या चारही चाकांना कमानपाटे. पाटा तुटला तर आपला कमानवाला भट्टीत तापवून, ठोकून, नवा पाटा घालून देतो. इम्पालाला मागेपुढे सर्पिल स्प्रिंग. ती बसली की गावात दुरुस्ती नाही. बदलीच हवी आणि बदलीला माल नाही. जी वस्तू गावच्या भट्टीवर दुरुस्त होते ती गावात टिकते, हे जंगलाने फार पूर्वी ठरवून टाकले होते.

उस्तादांची करामत

तरीही मुंबई-नागपूरसारख्या शहरांत इम्पाला पन्नास-साठ वर्षे जिवंत राहिली, ती कोणामुळे? त्यातला मोठा वाटा आपल्या बिरादरीच्या कारागिरांचा आहे. इम्पालाचे सहा सिलिंडरचे जुने इंजिन शेव्हरोलेच्या ट्रकांतही बसत असे. हे ज्याला ठाऊक होते तो उस्ताद ट्रकच्या भंगारातून मोटारीचा पार्ट काढी. जो पार्ट मिळेना तो खरादवाल्याने नमुना पाहून कातला. डेंटरने पत्रा ठोकून जुना आकार परत आणला. बंपरवर आधी तांबे, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवून मुलामावाल्याने आरसा केला. गादीवाल्याने सीट शिवली.

पेट्रोल महागल्यावर या मंडळींनी त्याहून अवघड काम केले. पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवले. वाचायला हे सोपे वाटते. परंतु इंजिनाचे पाये नव्याने वेल्ड करायचे, गिअरबॉक्स जुळवायचा, प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त लांबीचा करून त्याचा तोल साधायचा, रेडिएटर पुरतो का ते पाहायचे. डिझेलचे फेरे कमी, म्हणून मागच्या धुऱ्याच्या दात्यांचा हिशेबही बदलतो. यासाठी नकाशा नव्हता, पुस्तक नव्हते. हातात पाना आणि डोक्यात हिशेब, एवढ्यावर हे झाले. कुरआन शरीफमध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेल्याचा आणि त्यांना मापात काम करण्यास सांगितल्याचा उल्लेख आहे. लोखंडाला मापात बसवणारा कारागीर म्हणजे काय, हे या उस्तादांनी दाखवून दिले.

परंतु या करामतीला एक दुसरी बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, म्हणजे व्हिंटेज, मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची गाडी यात येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या डिझेल इंजिनामुळे गाडी रस्त्यावर राहिली तेच आता तिच्या नोंदणीच्या आड येते. ज्या मालकाने आणि मिस्त्रीने मूळ इंजिन भंगारात न देता कोपऱ्यात झाकून ठेवले त्यांच्या हाती आज चार पैसे आहेत. ज्यांनी ते किलोच्या भावाने विकले ते हळहळत आहेत.

कंपनी दुसऱ्यांदा गेली

जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात पुन्हा भारतात आली. २००३ पासून शेव्हरोले हे नाव आपल्या रस्त्यांवर पुन्हा दिसू लागले. २००८ मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे तिचा कारखाना सुरू झाला. टवेरा, स्पार्क, बीट या गाड्या चंद्रपूर-गडचिरोलीतही फिरल्या. टवेरा तर भाड्याच्या व्यवसायात अनेकांची रोजी झाली. पण २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबवली. निर्यातीसाठी चालू राहिलेले तळेगावचे उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये बंद पडले. कामगारांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला.

योगायोग पाहा. डेट्रॉईटची शेवटची इम्पाला आणि तळेगावची शेवटची शेव्हरोले एकाच वर्षातली. एक कंपनी महाराष्ट्रात दोनदा आली आणि दोनदा गेली. तिच्या नावावर ज्यांनी सारा धंदा उभा केला त्यांना दोन्ही वेळा नव्याने सुरुवात करावी लागली. ज्यांचा धंदा हुनरावर उभा होता त्यांच्या दारात मात्र शोरूम बंद झाल्यावर त्याच गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

आपण काय घ्यावे

आपल्या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि कागदाचे कारखाने आहेत. सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक आहे. ट्रक, डंपर आणि ट्रॅक्टर यांची कमी नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. या काळात तीन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, एका कंपनीच्या भरवशावर दुकान भरू नये. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या कोणत्या गाडीला बसतो याची स्वतःची वही असावी. ती वहीच खरे भांडवल.

दुसरी, कागद पक्का ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन किंवा बांधणीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. ग्राहक घाई करतो म्हणून विनापरवाना काम करू नये. केलेल्या कामाचे बिल द्यावे आणि काढलेला मूळ भाग मालकाला दाखवून त्याच्या हवाली करावा. गॅरेजात उभी असलेली दुसऱ्याची गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

तिसरी, हुनर लिहून ठेवावे. इम्पालाचे कितीतरी उस्ताद आपले ज्ञान कबरीत घेऊन गेले. शागिर्दाने विचारले तर "बघून शीक" म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. ती आता सोडली पाहिजे. माप, जोड, दात्यांची संख्या, तारेचा रंग हे सारे कागदावर उतरवावे.

चौथी, मुलाला गॅरेजात बसवण्याआधी दहावी आणि आयटीआय करू द्यावे. ज्यांचे वय निघून गेले त्यांच्यासाठी अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. तिची चौकशी जरूर करावी. बॅटरीच्या गाडीत पाना कमी आणि मीटर जास्त लागणार आहे. अंदाजाने हात घातला तर जिवावर बेतेल.

ज्या इम्पालाने एका वर्षात दहा लाखांचा खप पाहिला, तिला तेल, बाजार आणि कंपनीचा हिशेब यांपुढे टिकता आले नाही. तिचे दिवे मात्र अजून कुठेकुठे लागतात, ते एखाद्या गल्लीतल्या कारागिराने तार जोडली म्हणून. बाजारात नाव बदलत राहील. बांधवांनो, आपले नाव आपल्या कामावर राहू द्या. रिज्क देणारा अल्लाह आहे, पण हात चालवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.