वळीव घाटाकडचा, मान्सून दर्याकडचा

मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमाराला पणजीच्या बसस्थानकावर डिचोलीची बस लागते. काचांवर चिखलाचे शिंतोडे, उतरणाऱ्यांच्या हातात ओल्या छत्र्या. फलाटावर मात्र रणरणतं ऊन. रस्ता तासाभराचा, पण दोन टोकांना दोन ऋतू. मान्सूनआधीच्या या वळवाच्या पावसाबद्दल आपल्याकडे बरेच समज आहेत. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज : मे महिन्यात धो-धो कोसळला म्हणजे मान्सून आला.

वस्तुस्थिती : वळीव जागच्या जागी तयार होतो. दिवसभर जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा आत शिरते, सह्याद्रीला अडून वर चढते आणि चोर्ला घाटाच्या माथ्यावर काळे ढग उभे राहतात. वरच्या थरात पूर्वेचा वारा असला की हेच ढग सत्तरी, डिचोली, पेडण्याकडे सरकतात. तासभर गडगडाट, मग आकाश मोकळं. मान्सून नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो आणि मुक्कामालाच येतो. गोव्यात पोचण्याची त्याची सर्वसाधारण तारीख 5 जून. 2025 साली तो 25 मे रोजीच दाखल झाला. पण हवामान खातं एका सरीवरून तसं जाहीर करत नाही. पावसाच्या नोंदींबरोबर वाऱ्यांची दिशा आणि ढगांचा विस्तारही पाहिला जातो.

गैरसमज : पणजीत थेंबही नाही, म्हणजे अंदाज चुकला.

वस्तुस्थिती : अंदाजातला शब्द नीट वाचावा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. साखळीत पडला आणि पणजी कोरडी राहिली, तरी ‘तुरळक’चा अंदाज बरोबरच ठरतो. वळवाचा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो. तो नेमका कुठल्या वाड्यावर फुटेल, हे आदल्या दिवशी सांगणं कठीण. पणजीतल्या आल्तिनोवरचं डॉप्लर रडार ढग उभा राहिल्यावर त्याचा माग काढतं, म्हणून काही तास आधीचा इशारा जास्त भरवशाचा.

गैरसमज : मळभ आलं की काजूचा मोहोर जळतो.

वस्तुस्थिती : मोहोर करपलेला दिसतो हे खरं, पण तो ढगांनी करपत नाही. देठ जवळून पाहा. काळपट डाग असेल आणि त्यावर डिंकाचा बारीक थेंब असेल, तर ते ढेकण्या किडीचं काम. ही कीड कोवळ्या देठात सोंड खुपसून रस शोषते आणि तिच्या लाळेने तो भाग सुकतो. ढगाळ, दमट हवा तिला मानवते, म्हणून दोष मळभावर जातो. मळभाला इलाज नाही, किडीला आहे. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन अवस्थांत बागेवर नजर हवी. पावसाचा थेट फटका बसतो तो नंतर. भिजलेल्या बिया लगेच वाळवल्या नाहीत तर काळ्या पडतात आणि बोंडांचा रस पातळ होतो.

गैरसमज : रबरी चपला घालून झाडाखाली थांबलं की विजेपासून धोका नाही.

वस्तुस्थिती : किलोमीटरच्या किलोमीटर हवा भेदून येणाऱ्या विजेला बोटभर रबर काय अडवणार? एकाकी उंच झाड तर सर्वांत वाईट आडोसा. 22 मे 2024 रोजी पेडण्यातल्या मोपा विमानतळावर वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे बिघडले आणि सहा विमानं दुसरीकडे वळवावी लागली. मान्सून तेव्हा गोव्यात पोचलाही नव्हता. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावून लगेच मदत करा.

गैरसमज : वळीव जोरात झाला की पुढचा पावसाळा कोरडा.

वस्तुस्थिती : दोन्ही पावसांची कारणंच वेगळी. एकावरून दुसऱ्याचा हिशेब मांडता येत नाही.

तेव्हा मे महिन्यात डिचोलीला निघताना छत्री घ्यायची की नाही, हे मांडवीवरचं आभाळ पाहून ठरवू नका. पूर्वेला, घाटाकडे पाहा. दर्याकडे पाहायचे दिवस जूनमध्ये येतात.