स्वभाव मुलाचा, मेळ घराचा

एकाच आईच्या कुशीत वाढलेली भावंडे स्वभावाने अगदी भिन्न निघतात, हा अनुभव कोणत्याही घराला नवा नाही. एक बाळ पाळण्यात ठेवताच झोपी जाते, दुसरे अर्धी रात्र घर जागवते. एक पाहुण्यांच्या कडेवर हसत जाते, दुसरे आईच्या पदराआड लपते. अशा दुसऱ्या बाळाविषयी आपण चटकन म्हणून जातो, "लाडाने बिघडले," किंवा "आईने वळण लावले नाही." हा निवाडा किती घाईचा असतो, हे न्यूयॉर्कमधील एका दांपत्याने अनेक दशकांच्या परिश्रमाने दाखवून दिले.

डॉ. अलेक्झांडर थॉमस आणि डॉ. स्टेला चेस हे दोघेही मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांचा संसार आणि संशोधन हातात हात घालून चालले. स्वतःच्या मुलांमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसणाऱ्या फरकांनी त्यांना विचारात पाडले. त्या काळी अमेरिकेत मुलाच्या बहुतेक प्रत्येक अडचणीचे मूळ आईच्या वागण्यात शोधले जाई. 1964 साली स्टेला चेस यांनी या प्रवृत्तीवर टीका करणारा एक लेख लिहिला. फ्रेंच भाषेत 'समुद्र' आणि 'आई' या शब्दांचे उच्चार सारखे आहेत. त्याचा उपयोग करून त्यांनी लेखाला 'माल द मेर' असे शीर्षक दिले. समुद्रप्रवासात होणाऱ्या मळमळीच्या फ्रेंच नावावर केलेला तो मार्मिक श्लेष होता.

1956 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांचा एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. 133 मुलांचा तान्हेपणापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेण्यात आला. पालकांना प्रश्न विचारण्याची पद्धत मोठी विचारपूर्वक ठरवली होती. "बाळाला नवे अन्न आवडले नाही" एवढ्या उत्तरावर समाधान मानले जात नसे. बाळाने नेमके काय केले, तोंड फिरवले की घास थुंकला, शांतपणे नाकारला की आकांत मांडला, हे विचारले जाई. मत बाजूला ठेवून वर्तन पाहण्याची ही शिस्त कोणत्याही पालकाने उचलावी अशी आहे.

या नोंदींतून स्वभावाची नऊ अंगे पुढे आली. हालचालीचे प्रमाण, भूक व झोप यांची नियमितता, नव्या गोष्टीकडे झुकणे वा मागे सरणे, बदलाशी जुळवून घेणे, संवेदनशीलता, प्रतिक्रियेची तीव्रता, मनाची प्रसन्नता, लक्ष विचलित होण्याची सहजता आणि चिकाटी, अशी ती आहेत. सुमारे 40 टक्के मुले 'सोपी' आढळली, सुमारे 10 टक्के 'अवघड' आणि सुमारे 15 टक्के 'सावकाश रुळणारी'. उरलेली मुले कोणत्याही एका गटात बसली नाहीत. मुलांवर शिक्के मारण्याच्या आपल्या हौसेला हा एक सूचक इशाराच आहे.

परंतु या दांपत्याचे खरे योगदान याच्या पुढचे आहे. स्वभाव मुळात चांगला वा वाईट नसतो. त्याचा परिस्थितीशी आणि घरच्यांच्या अपेक्षांशी मेळ बसतो की नाही, यावर मुलाचे हित अवलंबून असते. याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकोच्या श्रमिक कुटुंबांत दिसले. त्या घरांत लहान मुलांनी ठरलेल्या वेळी झोपावे असा आग्रह नव्हता. त्यामुळे अनियमित झोप ही तक्रारच ठरत नव्हती. मूल शाळेत जाऊ लागले आणि सकाळी वेळेवर उठणे भाग पडले, तेव्हा तोच स्वभाव 'समस्या' ठरला. मूल तेच राहिले होते, अपेक्षा बदलल्या होत्या.

अभ्यासात 'कार्ल' या नावाने नोंदलेला मुलगा तान्हेपणी अत्यंत 'अवघड' होता. प्रत्येक नव्या गोष्टीला त्याचा जोरकस विरोध असे. मात्र त्याच्या वडिलांना त्या जोरकसपणाचे कौतुक वाटे. नव्या गोष्टीशी जुळवून घ्यायला त्याला वेळ मिळत गेला आणि तो निकोप वाढला. पुढे महाविद्यालयात अनेक नव्या गोष्टी एकदम समोर आल्याने तो गोंधळला. त्याने डॉ. चेस यांची भेट घेतली. आपला स्वभाव उमगताच त्याने एका वेळी पेलतील एवढीच कामे हाती ठेवली आणि तो सावरला.

मेळ साधणे म्हणजे मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवणे नव्हे, हेही या दांपत्याने स्पष्ट केले. पेलता येईल अशा आव्हानाने मूल वाढते, न पेलणाऱ्या आव्हानाने ते खचते.

पिढीजात व्यवसाय असलेल्या आपल्या घरांनी याचा विशेष विचार करावा. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोलला, तर तो 'हुशार' ठरतो. जो बुजतो, त्याला चारचौघांत "याला धंदा जमायचा नाही" असे ऐकावे लागते. कदाचित तो सावकाश रुळणारा असेल. त्याला प्रथम माल, भाव आणि वह्या समजून घेऊ द्याव्यात, जुन्या गिऱ्हाइकांशी ओळख होऊ द्यावी आणि मग गल्ला सोपवावा. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याला बाजारातील खरेदीसाठी सोबत न्यावे. मुलगी चिकाटीची असेल, तर हिशेबाचे काम तिच्याकडेही द्यावे.

थॉमस, चेस आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट बर्च यांनी 1965 मध्ये पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकच 'तुमचे मूल ही एक व्यक्ती आहे' या अर्थाचे होते. अपराधभावाविना पालकत्व निभावता यावे, हा त्यामागील हेतू होता. ज्या मातेला मुलाच्या हट्टाबद्दल आजवर बोल ऐकावे लागले, तिला यातून दिलासा मिळेल. घरातील इतरांनीही तिला दोष देण्यापूर्वी आठवडाभर मुलाचे वागणे शांतपणे पाहावे आणि जे दिसेल ते एकत्र बसून बोलावे.