थायरॉक्सिनची धाकटी भावंडे

भंडारा जिल्ह्यातला शेतकरी तलावाचे दार कमीअधिक उघडून धानाच्या बांधीत पाणी सोडतो. गळ्यातील अवटू ग्रंथी पेशींतील ऊर्जेचे नियमन काहीसे असेच करते.

ही ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, बनवते. त्याच्या रेणूत आयोडिनचे ४ अणू असतात. पेशींत बाहेरच्या कड्यातला एक अणू निघाला की टी-३ बनते. १९५२ साली लंडनमध्ये ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी ते ओळखले. टी-३ पेशीकेंद्रातील जनुकांना कामाला लावते. मग ऑक्सिजन अधिक खर्च होतो, उष्णताही वाढते.

अणू आतल्या कड्यातून निघाला तर? तयार होते जवळजवळ निष्क्रिय असे ‘उलटे टी-३’. उपासमारीत ते वाढते, टी-३ घटते. जणू दार अर्धे मिटते आणि इंधन वाचते.

दोनच अणू उरले की टी-२. उंदरांत ते थेट तंतुकणिकांवर परिणाम करून ऑक्सिजनचा खर्च वाढवते, असे प्रयोगांत दिसले. माणसात मात्र त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. म्हणून बारीक होण्यासाठी अशा गोळ्या घेऊ नयेत. हृदयाला अपाय होऊ शकतो.

या साऱ्या भावंडांचा एक सामायिक कच्चा माल म्हणजे आयोडिन. तेव्हा घरात आयोडिनयुक्त मीठच वापरा, आणि बरणीचे झाकण घट्ट लावा.