एसी मिठाच्या पाण्यावर चालला तर? समजून घ्या 'लिक्विड डेसिकंट' तंत्रज्ञान

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हे पाणी मिठाने हवेतूनच ओढून घेतलेलं असतं. नेमक्या याच गुणाचा वापर करून एसीची वीज वाचवता येते.

एसीचं काम फक्त हवा गार करणं नाही, तर ती कोरडी करणंही आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तापमान कमी असूनही जीव कासावीस होतो. हवेतली वाफ काढण्यासाठी एसी आपली कॉईल खूप थंड करतो. मग गार ग्लासावर थेंब जमावेत तसं कॉईलवर पाणी जमतं आणि पाईपमधून बाहेर टपकतं.

यात वीज बरीच जाते. एक लिटर पाणी असं जमताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती एसीलाच खेचून काढावी लागते. २०२२मध्ये अमेरिकेच्या 'एनआरईएल' या प्रयोगशाळेच्या संशोधकांनी जगभरातल्या एसींचा हिशोब मांडला. हवा गार करण्याच्या विजेमुळे वर्षाला ५३.१ कोटी टन कार्बन उत्सर्जन होतं, तर ती कोरडी करण्याच्या विजेमुळे ५९.९ कोटी टन!

मग उपाय काय?

लिथियम क्लोराईड किंवा कॅल्शियम क्लोराईड या क्षारांचं दाट द्रावण घ्यायचं आणि त्यावरून हवा सोडायची. द्रावण वाफ शोषून घेतं, हवा कोरडी होते. त्यानंतर ती हवी तेवढीच गार करायची. कॉईल अति थंड करायची गरज उरत नाही.

वाफ शोषताना द्रावण तापतं, म्हणून त्यालाही थंड ठेवावं लागतं. शिवाय हळूहळू ते पातळ होतं. मग ते साधारण ५० ते ८० अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे पाणी उडून जातं आणि द्रावण पुन्हा वापरता येतं. ही उष्णता सौर हीटरमधून किंवा कारखान्यात वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळू शकते. खरी बचत होते ती इथे.

आणखी एक फायदा म्हणजे दुपारच्या उन्हात दाट केलेलं द्रावण टाकीत भरून रात्री वापरता येतं. म्हणजे चक्क कोरडेपणा साठवता येतो!

मग घरोघरी का नाही?

कारण हे क्षार धातूला गंज चढवतात आणि द्रावणाचे तुषार हवेसोबत खोलीत येण्याची भीती असते. त्यावर तोड म्हणून हवा आणि द्रावणामध्ये पातळ पडदा बसवतात. त्यातून वाफ जाते, द्रावण नाही. पण खर्च आणि गुंतागुंत वाढते. म्हणून सध्या हे तंत्र मुख्यतः कारखाने आणि मोठ्या इमारतींतच दिसतं.

आणि हो, तुमच्या रिमोटवरचा 'ड्राय मोड' म्हणजे हे नव्हे. त्यात तीच थंड कॉईल काम करते, फक्त पंखा हळू फिरतो.