उंदराचे ऑपरेशन झाल्यावर

पाळलेल्या उंदराचे ऑपरेशन! गावाकडची मंडळी हसतील. पण हूऱ्यातल्या फ्लॅटमध्ये ज्यांच्या मुलांनी त्याला जीव लावला आहे, त्यांना हसू येत नाही. मादीच्या स्तनाजवळ गाठी होणे हे या प्राण्यात नेहमीचेच.

आपल्याकडे ऑपरेशन म्हटले की उपाशी राहणे आलेच. उंदराला मात्र उलटी होत नाही, त्यामुळे सहसा तशी गरज नसते. उलट उपाशीपोटी तो पटकन खचतो. घरी आणल्यावर लवकरच मऊ भात किंवा शिजवलेले अंडे थोडे थोडे द्यावे. रोज स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे.

भुलीनंतर अंग गार पडते. पिंजरा ए.सी.च्या झोतात नको. कोमट पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास त्याला सरकता येईल. जखमेला भुसा चिकटतो, त्याऐवजी टिश्यू पेपर घालावा. शिड्या काढून टाकाव्यात.

डोळ्यांभोवती लाल दिसले तर ते बहुधा रक्त नसते, पॉरफायरिन नावाचे रंगद्रव्य असते. तरी ते त्रासाचे लक्षण आहे, डॉक्टरांना कळवावे. टाके कुरतडले किंवा जखम उघडली तर त्याच दिवशी न्यावे. घरातली दुखण्याची गोळी मात्र मुळीच देऊ नये.

खर्चाचे आधीच विचारावे: भूल, औषधे, पुढच्या फेऱ्या, सगळे धरून किती दिनार? उंदराचे आयुष्य २ ते ३ वर्षांचे. म्हाताऱ्या उंदराला भूल सोसेल का, हे विचारायला जाताना मुलालाही बरोबर न्यावे.