ऑफ-सीझनला लिस्बन आणि पोर्टो: चार गोष्टी पक्क्या करा, बाकी सैल सोडा

गाडीवर, एसटीत किंवा भांडी घासताना ऐकणाऱ्यांना आकडे लिहून घेता येत नाहीत, म्हणून या भागाचा हा लिखित मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे ना"ची संख्या कमी केली आहे.

विषय असा: खारेपाटणसारख्या गावातून, एकटीने किंवा एकट्याने, आठवडाभरासाठी युरोपातली दोन शहरं बघायची. टूर कंपनीशिवाय आणि ऑफ-सीझनला. मी फेब्रुवारीचा प्लॅन केला, लिस्बन आणि पोर्टोचा. तोच उदाहरण म्हणून घेऊ. शहरं बदलली तरी पद्धत हीच चालेल.

ऑफ-सीझन म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे

जुलैत मालवणला गेलात तर काय होतं? रूम बरीच स्वस्त मिळते, गर्दी नसते, हॉटेलवाल्याला गप्पा मारायला वेळ असतो. पण किल्ल्यावर जाणारी होडी बंद, स्कूबा बंद, आणि मासेमारी बंदीमुळे ताटात काय येईल ते सांगता येत नाही. युरोपचंही तसंच आहे. स्वस्ताईबरोबर काही गोष्टी बंद असणार, दिवस लहान असणार आणि आकाशाचा भरवसा नसणार.

माझ्या मते ऑफ-सीझनचा खरा फायदा पैशांपेक्षा वेगळा आहे. गर्दी नसल्यामुळे बरेच निर्णय आदल्या रात्री घेता येतात. उद्या ऊन असेल तर टेकडीवर, पाऊस असेल तर म्युझियममध्ये. जून-जुलैत हे जमत नाही, कारण सगळं आधी बुक करावं लागतं. म्हणून माझा नियम: तारखा, व्हिसा, जाण्या-येण्याचं तिकीट आणि झोपायची जागा या चार गोष्टी घट्ट बांधायच्या. बाकी सगळं सैल सोडायचं.

हीच दोन शहरं का?

पहिलं कारण हवामान. फेब्रुवारीत व्हिएन्ना किंवा प्रागला रात्री पारा शून्याखाली जातो. त्यासाठी जाड कोट, बूट, थर्मल घ्यायचे, आणि परत आल्यावर ते कपाटात पडून राहणार. लिस्बनला त्या महिन्यात दिवसा साधारण १६ अंश, रात्री ९ च्या आसपास. पोर्टो त्याहून थोडं थंड. तिथला त्रास पावसाचा, आणि पाऊस आपल्याला काय नवा आहे? पोर्टोला वर्षभरात साधारण १,२०० मिलिमीटर पडतो. आपल्याकडे एखाद्या जुलैत एकट्या महिन्यात तेवढा होतो.

दुसरं कारण, दोन्ही शहरं एकाच देशात. चलन एक, भाषा एक, व्हिसाचा गोंधळ नाही. दोन देश असतील तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. रात्री समसमान असतील तर जिथे आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. पहिल्या खेपेला हा हिशेब नसलेला बरा.

तिसरं कारण आपलं कॅलेंडर. नाताळची गर्दी ओसरलेली असते, ईस्टर यायचा असतो. आणि इकडे शिमगा आणि आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या असतात. घरी बाग असेल तर मार्च-एप्रिलमध्ये "मी चाललेय" म्हणून बघा!

पहिली गोष्ट: तारखा

विमानाची वेळ नीट वाचा. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट पहाटे असतात. शनिवारी पहाटे ४ ची फ्लाइट म्हणजे शुक्रवारी रात्री विमानतळावर, म्हणजे गुरुवारी रात्रीची तुतारी पकडून शुक्रवारी सकाळी दादर. घरातून निघायचा दिवस गुरुवार आहे, शनिवार नाही.

माझा हिशेब असा: शनिवारी लिस्बनला पोचायचं, तिथे ४ रात्री. बुधवारी ट्रेनने पोर्टो, तिथे ३ रात्री. पुढच्या शनिवारी पोर्टोहूनच परत. रविवारी मुंबई, रात्री कोकणकन्या, सोमवारी सकाळी कणकवली. सात रात्रींत तिसरं शहर घुसवायचा मोह होतो. नको. प्रत्येक शहरबदलात बॅग भरणं, स्टेशन, नवी खोली शोधणं यात अर्धा दिवस जातो, आणि फेब्रुवारीत तिथे सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. अर्धा दिवस गेला की त्या दिवसाचा उजेडच संपला.

दुसरी गोष्ट: व्हिसा

इथे खरी जोखीम आहे, म्हणून जरा थांबू. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. हिशेबाला सोपं म्हणून युरो १०० रुपयांचा धरला तर ९,००० रुपये, आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. गंमत म्हणजे बाहेरून येणाऱ्याकडून पैसे घेणं आपल्या गावालाही नवं नाही. खारेपाटणच्या ताम्रपटात, शिलाहार राजा रट्टराजाच्या काळात, इसवी सन १००८ मध्ये, परदेशातून येणाऱ्या जहाजामागे एक सोन्याचा गद्याण घ्यायची नोंद आहे. तेव्हा आपण घेत होतो, आता देतोय.

वेळेचं गणित: प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मध्ये नाताळच्या सुट्ट्या येतात. फेब्रुवारीच्या मध्यावर जायचं असेल तर अपॉइंटमेंट नोव्हेंबरमध्ये धरा. पोर्तुगालचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबलमार्फत घेतले जातात. तुमच्या पत्त्याला कुठलं केंद्र लागू होतं ते त्यांच्या साइटवर बघा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे पुढच्या अर्जांसाठी ५९ महिने चालतात.

पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा, आणि दोन कोरी पानं हवीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि पोचण्यापासून निघण्यापर्यंतचे सगळे दिवस धरणारा.

आता मुद्द्याचं. अधिकारी कागदांत दोन प्रश्नांची उत्तरं शोधतो: खर्च कोण करणार, आणि ही परत येणार का? विशीतल्या, पहिल्यांदा आणि एकट्याने जाणाऱ्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा. घरचं दुकान किंवा स्वतःचं काम असेल तर उद्यम नोंदणी, आयकर विवरणपत्र, बँक स्टेटमेंट. सातबारा जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, नाहीतर तो तिथे कोण वाचणार?

खात्यात किती पैसे हवेत? पोर्तुगालचा किमान नियम प्रवेशामागे ७५ युरो आणि दिवसाला ४० युरो असा आहे. म्हणजे ८ दिवसांचे ३९५ युरो. हा तळ आहे. प्रत्यक्षात तुमच्या खर्चाला सहज पुरेल एवढी रक्कम दिसू दे. आणि ती महिन्यामहिन्याने साठलेली दिसू दे. अर्जाच्या आठ दिवस आधी काकांनी दोन लाख टाकले, तर ते स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत भरतं. घरचे खर्च करणार असतील तर सरळ त्यांचं पत्र आणि त्यांचे कागद द्या.

कव्हर लेटर एका पानाचं पुरे. कुठल्या तारखेला कुठल्या शहरात, पैसे कोणाचे, परत येऊन कुठल्या कामावर हजर होणार. यातल्या रात्री, हॉटेल बुकिंग आणि इन्शुरन्सच्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. खोटं बुकिंग बनवून देणारे एजंट सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. फुकट रद्द करता येणारं खरं बुकिंग सहज मिळतं.

तिसरी गोष्ट: तिकीट

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवू नका. अर्जासोबत रिझर्व्हेशन लागतं. ते परतावा मिळेल असंच घ्या.

शोधताना 'राउंड ट्रिप'ऐवजी 'मल्टी-सिटी' निवडा: मुंबई ते लिस्बन, आणि पोर्टो ते मुंबई. थेट विमान नाही, पण उदाहरणार्थ इस्तंबूलमार्गे दोन्ही शहरं जोडता येतात. विमानासाठी पुन्हा लिस्बनला परतायचा दिवस वाचतो. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर ठेवा, म्हणजे मधली फ्लाइट चुकली तर पुढची सोय करणं कंपनीचं काम.

चौथी गोष्ट: झोपायची जागा

थंडीचं हे कोणी सांगत नाही: पोर्तुगालमध्ये बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा वाटतो. बऱ्याच जुन्या इमारतींत हीटिंगची नीट सोय नसते, भिंती दमट असतात. म्हणून फोटोंपेक्षा हिवाळ्यातले रिव्ह्यू वाचा, आणि त्यांत 'हीटिंग' हा शब्द शोधा.

जागा मेट्रो स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत घ्या. दोन्ही विमानतळांवरून शहरात थेट मेट्रो जाते. नकाशात जवळ दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात उभ्या चढावर असू शकतं. शहराचा कर वेगळा असतो: लिस्बनला रात्रीला ४ युरो, पोर्टोला ३. माझ्या हिशेबात एकूण २५ युरो.

आता सैल सोडायच्या गोष्टी

लिस्बनमध्ये दोन याद्या करा, उन्हाची आणि पावसाची. उन्हाच्या यादीत आल्फामाच्या गल्ल्या, २८ नंबरची ट्राम (पाकीट पुढच्या खिशात!), आणि रोसियू स्टेशनवरून साधारण ४० मिनिटांवरचं सिंत्रा. पावसाच्या यादीत बेलेंचा जेरोनिमोस मठ. वास्को द गामाची कबर तिथे आहे, आणि १४९७ च्या जुलैत त्याची जहाजं निघाली ती याच बेलेंमधून. सोमवारी मठ बंद असतो, एवढं मात्र आधीच लिहून ठेवा.

पोर्टोची ट्रेन साधारण तीन तासांची. तिकीट काही दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं. पोर्तुगालमध्ये रेल्वेचे संप अधूनमधून होतात, म्हणून आदल्या रात्री बातम्यांत 'ग्रेव्ह' हा शब्द बघा. संप असेल तर बस आहे. ट्रेन कांपान्यां स्टेशनला थांबते, तिथून लोकलने काही मिनिटांत सांव बेंतू. त्या स्टेशनच्या भिंतींवर सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये चित्रं आहेत. बघायला तिकीट नाही, पाऊस असला तरी अडत नाही. पुढे दोरू नदी आणि तिच्यावरचा १८८६ चा दों लुईश पूल, तो पायी ओलांडायचा.

पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. तिथल्या फुटपाथचे गुळगुळीत दगड ओले झाले की शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांसारखे होतात. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोट न्या.

जेवणात दुपारची 'प्रातु दु दिया', म्हणजे आजची थाळी, साधारण ८ ते १२ युरोत होते. न मागता टेबलावर ठेवलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर परत करा. ताज्या तारल्यांचा मोसम उन्हाळ्यात असतो, फेब्रुवारीत त्यांचा हट्ट धरू नका. खारवलेला बकल्याव मात्र बारमाही. सुक्या बाजारात वाढलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. भाषाही पूर्ण परकी नाही: पाव, बटाटा, चावी, अननस हे शब्द आपल्याकडे तिथूनच आले, आणि हापूस हे नावसुद्धा अफोन्सोवरून.

"एकटीच कशाक?"

हा प्रश्न घरी येणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक कागद लिहून द्या: फ्लाइट नंबर, दोन्ही हॉटेलांचे फोन, इन्शुरन्सचा नंबर, पासपोर्टची प्रत. आणि फोनची वेळ ठरवा. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेपाच तास मागे असतं. तुम्ही रात्री ९ ला खोलीवर येऊन फोन कराल तेव्हा घरी अडीच वाजलेले असतील, आणि आई तोवर जागी असेल. तिथल्या दुपारी ४ ला फोन करा, इकडे साडेनऊ असतात. रात्री फक्त "पोचले" एवढा मेसेज. आपत्कालीन नंबर तिथेही ११२ च आहे, हेही कागदावर लिहा.

एकट्याने फिरताना संध्याकाळ मोठी वाटते. सहा-साडेसहाला अंधार, आणि बोलायला कोणी नाही. मी त्यासाठी हॉस्टेलमध्ये मुलींची डॉर्म घेतली, स्वयंपाकघर असलेली. तिथे कोणी ना कोणी चहा उकळत असतंच.

या आठवड्यात एकच काम करा: पासपोर्ट काढून त्यावरची तारीख बघा. नसेल तर आधी त्याचा अर्ज. पुढच्या भागात फॉरेक्स कार्ड, सिम आणि खर्चाची वही. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, मालवणीत पाठवलेत तर आधी ऐकेन. भेटूया!